पाणी कुठलं?

पुण्याजवळच्या मांजरी गावाला शास्त्राचा शेजार मोठा आहे. ऊस आणि साखर म्हटलं की १९७५ पासूनची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. द्राक्ष म्हटलं की १९९७ पासूनचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. लस म्हटली की सीरम. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हिशील्डचे पहिले ट्रक पूजा होऊन बाहेर पडले, तेव्हा साऱ्या देशाने टीव्हीवर आमचा रस्ता पाहिला. मात्र टीव्हीखालच्या काचेच्या टाकीतला मासा आजारी पडला तर कुठे जायचं, ह्याची सोय ह्यातल्या एकाही संस्थेत नाही. ती आमच्या सोसायटीत आहे, बी विंग, दुसरा मजला. दारावर पाटी नाही, वेळ ठरलेली नाही, फी नाही. बेल वाजवायची आणि म्हणायचं, "आप्पा आहेत का?"

असा एक मनुष्य प्रत्येक सोसायटीत असतो. एकाला गिझरमधलं कळतं, एकाला सातबाऱ्यातलं कळतं, एकाला कुठलंही काही कळत नाही म्हणून तो चेअरमन होतो. आप्पांना माशांचं कळतं. म्हणजे असं लोक म्हणतात. आप्पा स्वतः म्हणतात, "मला माशांमधलं ओ की ठो कळत नाही. मला पाण्यातलं कळतं." हे ते नम्रतेने म्हणत असतील असं पहिल्या भेटीत वाटतं. दुसऱ्या भेटीत कळतं, की हा आपल्यावरचा आरोप होता.

आप्पांची सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. केमिस्ट म्हणून लागले, चीफ केमिस्ट होऊन निवृत्त झाले. प्रशिक्षणाला मांजरीत येता-येता गाव आवडलं, समोर ऊस दिसतोय म्हणून फ्लॅट घेतला. आता समोर बारा मजली इमारत आहे आणि तिच्या नावात 'ग्रीन' आहे. हंगाम संपला तरी केमिस्टाचा हात कसा थांबणार? निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष आप्पांनी शेजाऱ्यांच्या घरचं दूध, मध आणि गूळ तपासण्यात घालवलं. गुळात सोडा निघाला, मधात साखर निघाली, आणि आप्पांना चहाला बोलावणं बंद झालं. मग नातवाला कुणाच्या तरी वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पिशवीतून दोन गोल्डफिश मिळाले, ते तिसऱ्या दिवशी उलटे झाले, आणि आप्पांना आयुष्याची दुसरी लॅब सापडली.

बोलावणं आलं की आप्पा एक पिशवी उचलतात. ठिबकवाल्या कुठल्याशा कंपनीने शेतकरी मेळाव्यात वाटलेली, बंद तुटून पुन्हा शिवलेली. तिच्यात थेंब-थेंब टाकून करायच्या टेस्टच्या बाटल्या, काचेच्या दोन नळ्या, थर्मामीटर, भिंग, टॉर्च, खडे मिठाची बरणी आणि मिथिलीन ब्लूची बाटली. बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून वर रबर, कारण एकदा ती घरी ओट्यावर सांडली होती. ओटा निळा झाला, आप्पांचा बनियन निळा झाला, आणि काकू त्यानंतर दोन दिवस ज्या रंगाच्या झाल्या त्याला रंगशास्त्रात नाव नाही. सोबत लागतो एक माणूस, बादली धरायला. तो मी. समोरासमोर दारं असल्याची ही शिक्षा. सोसायटीत मला आता आडनावाने कोणी ओळखत नाही, 'कंपाउंडर' म्हणतात.

घरात शिरल्यावर आप्पा माशाकडे बघत नाहीत. घरातली लहान पोरं डोळ्यात पाणी आणून टाकीकडे बोट दाखवत असतात, आणि आप्पा टाकीकडे पाठ करून सोफ्यावर बसतात. "मासा काय सांगणार? तो तोंड उघडतो, पण बोलतो का? माणसं बोलतात. माणसं आधी." मग पहिला प्रश्न, ठरलेला.

"पाणी कुठलं?"

हा प्रश्न इतर गावांत साधा असेल. मांजरीत तो नाजूक आहे. २०२१ साली गाव महापालिकेत गेलं. पण सोसायटीच्या टाकीत कधी बोअर, कधी टँकर, कधी दोन्ही मिळून. नवरा सांगतो नळाचं, बायको सांगते टँकरचं, आणि खरं काय ते वॉचमनला माहीत असतं. आप्पा तिघांचंही लिहून घेतात. बोअरचं पाणी खडकातलं, जड, पीएच चढा. पीएच चढा असला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. हे ते सांगतात तेव्हा यजमान मान हलवतात, आणि यजमानीण चहा टाकायला उठते.

दुसरा प्रश्न : टाकी कधी आणली आणि मासे कधी सोडले? उत्तर नव्वद टक्के घरांत एकच : एकाच रविवारी, एकाच पिशवीतून. इथे आप्पांचा आवाज कारखान्यातला होतो. "कारखाना उभा राहिला म्हणून त्याच दिवशी गव्हाणीत मोळी टाकता का? बॉयलर पेटवायचा, ट्रायल घ्यायची, मग गाळप. टाकीत आधी जंतू वाढू द्यायचे. माशाच्या घाणीतनं अमोनिया होतो, एक जंतू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्याचं नायट्रेट. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासा आपल्याच मुतात पोहतो." शेवटच्या वाक्याला पोरं हसतात, आईबाप हसत नाहीत.

ई विंगची केस मी जवळून पाहिली, कारण बादली माझ्या हातात होती. ईशान्य कोपऱ्यात टाकी, तीन गोल्डफिश. त्यातला सोन्या वरच्या कोपऱ्याला तोंड लावून भुकभुक हवा गिळत होता. घरात आई, बाबा, सहावीतली मुलगी, आजी आणि भांडीवाल्या मावशी. आप्पांनी सगळ्यांना बोलावलं. मावशींनाही, ओल्या हातांनी.

"खायला कोण घालतं?"

"मी," बाबा म्हणाले. "सकाळी ऑफिसला जाताना. एक चिमूट."

"आणि मी," मुलगी म्हणाली. "शाळेतून आल्यावर. चिमूटच."

आईने घरातल्या घरात दुपारची एक चिमूट कबूल केली. मावशी म्हणाल्या, "मला बघितलं की पुढं येतो वो तो. मग कसं राहवंल?"

"चिमूट म्हणजे किती?" आप्पांनी विचारलं. "अंदाजे नको. दाखवा."

'अंदाजे' हा आप्पांचा जन्मशत्रू. त्यांनी कालचा पेपर जमिनीवर पसरला, माशाच्या खाण्याचा डबा मधे ठेवला, आणि प्रत्येकाला आपापली चिमूट कागदावर ठेवायला लावली. एका ओळीत चार ढीग झाले. मुलीचा मोहरीएवढा. आईचा जरा मोठा. मावशींचा मुठीला मूठ म्हणता येईल असा. बाबांनी डब्यातला चमचा काढला, भरला, आणि मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात येऊन अर्धा परत ओतला. "हा ऐवज," आप्पा टॉर्चने ढीग दाखवत म्हणाले, "आणि हे गिऱ्हाईक," टॉर्च सोन्यावर. "ह्याला एका वेळी पुरतं ते ह्याच्या डोळ्याएवढं. उरलेलं कुठे जातं?"

आजी इतका वेळ गप्प होत्या. आप्पांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"मी नाही हो घालत तसलं काही लाल गोळ्या-बिळ्या," आजी म्हणाल्या. "फक्त संकष्टीला शिऱ्याचे दोन दाणे. प्रसादाला नाही म्हणू नये."

"तुपातला?"

"मग काय तेलातला?"

आप्पांनी टॉर्च तिरपा धरला. पाण्यावर तुपाची झाक इंद्रधनुष्यासारखी चमकली. आता फक्त फिल्टर राहिला होता. बाबा स्वतःहून पुढे झाले, कारण ह्या एका बाबतीत त्यांची बाजू भक्कम होती. "फिल्टर मात्र मी दर रविवारी काढून स्वच्छ धुतो. नळाखाली, जोराच्या धारेत. साबण नाही लावत हं, मला माहितीये." आप्पांनी डोळे मिटले. जंतूंची बहुतेक वस्ती त्या स्पंजात असते. टाकीतनं काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, संपलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर धुतलेल्या स्पंजातली वस्ती मरू लागते. "दर रविवारी गाव उठवता तुम्ही," ते हळूच म्हणाले.

मग टेस्ट. नळीत पाणी, त्यात थेंब मोजून, नळी हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो, असेल तर हिरव्याकडे जातो. त्या पाच मिनिटांत टीव्हीचा आवाज बंद झाला. कुकरची शिट्टी झाली ती कुणी मोजली नाही. नळी हळूहळू पोपटी झाली, मग गर्द. आप्पांनी रंगांचा तक्ता शेजारी धरला आणि नळी सगळ्यांसमोरून फिरवली.

"हिरवा म्हणजे शुभच की," आजी म्हणाल्या.

प्रिस्क्रिप्शन किराणा दुकानाच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं गेलं : खाणं तीन दिवस बंद. रोज पाव टाकी पाणी बदलणे, बादलीत आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं. खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम, आधी मगात विरघळवून. हवेचा पंप रात्री बंद करणे नाही. तीन दिवस उपाशी ठेवायचं म्हटल्यावर आजींच्या चेहऱ्यावर ढग आले. मुक्या जिवाला उपाशी ठेवू नये हो, असं त्या पुटपुटल्या. आप्पांनी पवित्रा बदलला. "आजी, उपाशी नाही. एकादशी समजा. लागोपाठ तीन."

आजींना पटलं. आम्ही बूट घालेपर्यंत त्यांनी विचारलं, "मग साबुदाण्याचा एखादा दाणा चालेल का?"

सोन्या चौथ्या दिवशी खाली उतरून खडे चिवडायला लागला. आप्पांची फी म्हणजे एक चहा, साखर दोन चमचे, वर अर्धा.

आता ह्या मनुष्याचा हट्ट किती खरा आणि किती नुसताच हट्ट, हे मला बराच काळ ठरवता आलं नाही. घरच्या टाकीतल्या माशाचं बहुतेक दुखणं पाण्यातून येतं, हे खरं आहे. हे सगळीकडचे जाणकार सांगतात. पण पाण्याचा दोष नसला तरी आप्पा पाण्याचाच काढणार, आणि पाण्याचा दोष म्हणजे शेवटी माणसाचा. रोगी बाजूलाच राहतो, नातेवाइकांवर उपचार होतात. माझा असा तर्क आहे की तीस वर्षं ज्या माणसाला संचालक मंडळासमोर "उतारा का घसरला" ह्याचं उत्तर द्यावं लागलं, तो आता प्रश्न विचारण्याच्या बाजूला बसल्याचं सुख घेतोय.

खरा रोग असला की मात्र ते बदलतात. डिसेंबरात रात्रीचा पारा उतरला की टाक्यांमध्ये पांढरे ठिपके येतात. माशाच्या अंगावर, परांवर, भुरभुरल्यासारखे. हा एक परजीवी आहे, डोळ्याला ठिपक्याएवढा दिसणारा. गंमत अशी की ठिपका दिसतो तेव्हा तो कातडीच्या आत मुरलेला असतो, आणि औषध तिथे पोचत नाही. तो फुगून गळून पडतो, तळाशी बसतो, एकाचे शेकडो होतात, आणि ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात सुटतात. औषधाने मरतात ती फक्त ह्या सुटलेल्या अवस्थेत. म्हणून पाणी हळूहळू अठ्ठावीस-तीस अंशांवर न्यायचं. उबेत हा सगळा फेरा लवकर उरकतो आणि सगळे एकेकदा उघड्यावर येतात. आप्पा हे सांगताना भिंग पोरांच्या हातात देतात आणि स्वतः गुडघ्यावर बसतात. त्या वेळी ते कोणाला दोष देत नाहीत. दोष द्यायची वेळ तिसऱ्या दिवशी येते, कारण तिसऱ्या दिवशी ठिपके गळतात, घरात पेढे वाटायचे तेवढे राहतात, हीटर विजेच्या बिलाच्या भीतीने बंद होतो आणि औषध फडताळात जातं. आठवड्याने ठिपके दुप्पट. "ठिपका गेला म्हणजे रोग गेला नाही, रोग खाली कामाला गेला," हे आप्पा फोनवर ज्या स्वरात सांगतात तो स्वर ऐकून मी हळूच दार लावून घेतो.

उलट्या तरंगणाऱ्या गोल्डफिशवरचा त्यांचा उपाय सोपा आहे : दोन दिवस उपास, मग उकडून साल काढलेल्या मटाराचा चुरा. त्यासाठी एकदा भल्या पहाटे ते मला मांजरीच्या उपबाजारात घेऊन गेले. तिथे शेतकरी माल घेऊन येतात आणि फिरते भाजीवाले ठोक उचलतात. आप्पांनी एका पोत्यापुढे उभं राहून शेंगेचा भाव, जात आणि फवारणी विचारली, शेवटचा फवारा किती दिवसांपूर्वीचा तेही विचारलं. शेतकऱ्याने सगळं सांगितलं आणि विचारलं, "किती पोती टाकू?" आप्पा म्हणाले, "एक शेंग." त्या माणसाने एक शेंग दिली, पैसे घेतले नाहीत, आणि आम्ही दिसेनासे होईस्तोवर तो आमच्याकडे बघत होता.

ह्या व्यवसायात त्यांचे वैरी दोन. पहिला माशांचा दुकानदार. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्याला एक निळी आणि एक पिवळी बाटली असते, आणि गिऱ्हाइकाने "दोन्हीतली कुठली?" विचारलं की तो म्हणतो, "दोन्ही." वर टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाका म्हणतो. मासा वाचो न वाचो, पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि फिल्टरमधली वस्ती धोक्यात येते. दुसरा वैरी वास्तुवाला. त्याने सांगितलेलं असतं की मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने आपल्यावर घेतलं, चिंता नको, तसाच दुसरा आणा. डी विंगमध्ये एका गृहस्थांनी समाधानाने हे वाक्य आप्पांना ऐकवलं. टाकी तेव्हा दह्याच्या निवळीसारखी दिसत होती. आप्पा म्हणाले, "घरावरचं संकट कुठलं? त्याच्यावरचं संकट तुम्हीच होतात." ते गृहस्थ अजून लिफ्टमध्ये आप्पा असले की जिन्याने जातात, आणि ते सातव्या मजल्यावर राहतात.

पण आप्पांचं नाव झालं ते जुलैच्या त्या सकाळी. साडेसातला एक फोन, आठच्या आत आणखी चार. पाच घरं, पाच टाक्या, सगळीकडे एकच : मासे वर येऊन धापा टाकताहेत, इकडून तिकडे सैरावैरा, काचेवर आपटताहेत. आप्पांनी एकाही घरी जायच्या आधी कागदावर पाच फ्लॅट नंबर लिहिले आणि त्यांच्याकडे बघत उभे राहिले. पाचही बी आणि सी विंगचे. ए विंगमध्ये तीन टाक्या, तिथे सगळं आलबेल. बी आणि सीचा हौद एक. "आदल्या रात्री पाणी कोणी-कोणी बदललं?" पाचही घरांनी. मग आम्ही हौदापाशी. झाकण काढल्याबरोबर तलावावर पोहायला गेल्यासारखा वास आला.

वॉचमनला बोलावलं.

"टीसीएल टाकलंस?"

"चेअरमन साहेब म्हणले, पावसाळाय, जरा जास्तच टाक."

"किती?"

"दोन तांबे."

"कसला तांब्या?"

वॉचमनने तांब्या आणून दाखवला. देवळात ज्याने अभिषेक करतात त्याच्या थोरल्या भावाएवढा. आप्पांनी तो हातात घेऊन पाहिला, आत बोट फिरवून टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, पांढरा थर पाहिला, आणि "अंदाजे" हा शब्द असा उच्चारला की वॉचमनने टोपी काढली. हायपो त्यांच्या पिशवीत होतं; पूर्वी फोटो स्टुडिओवाले फिल्म धुवायला वापरायचे तेच, क्लोरीन मारतं. मी पाच घरांत बादल्या घेऊन धावलो. चार टाक्या वाचल्या. पाचवीतला एक एंजल गेला.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय आप्पांनी 'आयत्या वेळचे विषय' मध्ये मांडला. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं भारतीय मानक सांगतं, माशाच्या कल्ल्याला त्याच्या कितीतरी खालीही इजा होते, आणि दोन तांबे हे ह्या दोन्हींत कुठेच बसत नाहीत, असं त्यांनी तक्त्यासह सांगितलं. खजिनदारांनी विचारलं, "माशांनी मेंटेनन्स भरलाय का?" सभा हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मासेवाल्यांनी भरलाय. बिनमासेवाल्यांत तुमचाच सहा महिन्यांचा बाकी आहे." ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हापासून नोटीस बोर्डावर महिन्यातून एकदा लागतं : 'उद्या हौदात टीसीएल टाकण्यात येणार आहे. सर्व मासेधारकांनी नोंद घ्यावी.' मासेधारक हा शब्द आप्पांचा. त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, 'आणि कंपाउंडरांनी.'

कधीतरी संध्याकाळी ते सोसायटीतल्या पोरांना घेऊन मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्दच्या मधल्या पुलावर जातात. खाली मुळा-मुठा, वर जलपर्णीची गादी. तिथे ते कर्नल साइक्सची गोष्ट सांगतात. हा इंग्रज अधिकारी दख्खनभर हिंडून नोंदी करायचा. मासे धरून त्यांचं वर्णन करायचा, आणि लॅटिन नावात माशाचं गावाकडचंच नाव घालायचा. शिंगटा तर त्याने 'सींगटी' करून जसाच्या तसा ठेवला. १८३९ मध्ये त्याने 'खुद्री' नावाने महाशीर जगापुढे मांडला, आणि तो सापडल्याची जागा दिली ती पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा. म्हणजे ह्याच बाजूची. पोरं वाकून खाली बघतात. एकाने विचारलं, "आप्पा, ह्या पाण्याची टेस्ट करा ना." आप्पा म्हणाले, "माझ्या तक्त्यात तेवढे रंग नाहीत." एकदा एकजण हातभर वाढलेला सकर मासा बादलीत घेऊन तिथे सोडायला आला होता, घरात मावेना म्हणून. आप्पांनी त्याला पुलावरच पाणलोट समजावला : इथून भीमा, भीमेतून उजनी, आणि बाहेरचा मासा एकदा आत गेला की काढता येत नाही. तो माणूस बादलीसकट परत गेला. सकर आता आप्पांकडे असतो. काकूंनी त्याला न्हाणीघराच्या पलीकडे यायला मनाई केली आहे.

काकूंचं सगळंच वेगळं आहे. त्या आप्पांच्या पिशवीला हात लावत नाहीत, मध्यरात्री येणारे फोन उचलतात, आणि एकाच विषयावर बोलतात. "माशांच्या पाण्याचा पीएच दिवसातनं दोनदा. स्वतःची साखर कधी तपासली विचारा." साखर कारखान्याचा चीफ केमिस्ट, ज्याने पोतीच्या पोती साखरेचा उतारा दोन दशांशांपर्यंत काढला, त्याने स्वतःच्या रक्तातली साखर दीड वर्षात पाहिलेली नाही. मी एकदा त्यांच्याकडे बसलो होतो. काकूंनी माझ्यासमोर मुद्दाम विचारलं, "अहो, शेवटची किती होती?"

आप्पा पेपरमध्ये बघत म्हणाले, "बरी होती. अंदाजे दीडशे-दोनशे."

काकूंनी पेपर खाली घेतला. "अंदाजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकूंनी लॅबचा मुलगा घरी बोलावला. आप्पांनी त्याला सोफ्यावर बसवून घेतलं. सुई कधीची, नळीत काय घातलंय, नमुना किती वेळात मशीनवर जाणार, वाटेत उन्हात राहणार का, मशीन शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं? मुलगा बिचारा हडपसरहून उपाशीपोटी आलेला. शेवटी काकूंनी आप्पांचा दंड धरून पुढे केला. रिपोर्ट दुपारी आला : उपाशीपोटी २३८. आप्पांनी तो तीनदा वाचला, आणि निकाल दिला, "सॅम्पलिंग एरर."

"उद्या परत घेऊ या मग," काकू म्हणाल्या. "आणि परवा. तीन दिवसांची सरासरी काढा."

सरासरी २३१ आली. आता घरात साखरेचा डबा काकूंच्या कपाटात, डॉक्टरांची गोळी सकाळ-संध्याकाळ आणि चहा बिनसाखरेचा. ई विंगच्या आजींनाही तसं कळवलेलं आहे. आप्पा हा सगळा छळ वहीत तारीखवार नोंदवतात, आलेखासह, आणि आलेख खाली येतोय हे त्यांना आवडत नाही असं नाही.

परवाच रात्री काकूंनी मला जेवायला ठेवून घेतलं. शेवटी शेवयांची खीर, बिनसाखरेची, खजूर घातलेली. आप्पांनी पहिला चमचा उचलला आणि फोन वाजला. सी विंग, फ्लॉवरहॉर्न, दोन दिवस खात नाही. आप्पांनी फोन स्पीकरवर टाकला.

"पाणी कुठलं? ... बरं. शी कशी होतेय? रंग कुठला? ... पांढरी? लांबच लांब? तुटत नाही, लोंबतेय? ... दोऱ्यासारखी की शेवयासारखी? ... शेवयासारखी. आत्ता वाटीत धरलीय का? फेकू नका, मी आलोच."

ते पिशवी घेऊन निघालेसुद्धा. खिरीच्या वाटीत माझा चमचा होता तसाच उभा राहिला.

"तुम्ही घ्या हो सावकाश," काकू मला म्हणाल्या. "त्यांची वाटी पण संपवा."